बूटवाला सेंटर हाफ

माधवनगरच्या गिरणीत मी हजेरी कारकून होतो आणि गिरणीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. गोलकीपरला अर्धा वेळ नुसतं उभं राहायचं असतं, त्यामुळे पुढं काय चाललंय ते सगळ्यात जास्त त्यालाच दिसतं. किस्से असे माझ्याकडं आपोआप साचत गेले. आता कुणी फुटबॉलचा विषय काढला की मी सर्जेरावपासूनच सुरू करतो. त्या माणसानं मला जितके धक्के दिले, तितके बायकोच्या माहेरच्यांनीही दिलेले नाहीत.

*

लढाई संपून पलटणी घरी यायला लागल्या होत्या. सर्जेराव तेव्हा ट्रायलला आला. गाव मेढ्याच्या वर डोंगरात. आमची सगळी टीम अनवाणी खेळायची, फार तर पायाला पट्टी बांधून. हा गडी मिलिटरी बूट घालून उतरला. आमचा कॅप्टन गुंडाप्पा, जत भागातला, अंगानं रेड्यासारखा. त्याला बुटांचा राग आला आणि तो थेट सर्जेरावच्या अंगावरच गेला. सर्जेरावनं बॉल अलगद बाजूला दिला आणि तोंडावर पडणाऱ्या गुंडाप्पाला कमरेला धरून सरळ उभं केलं.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "सेंटर हाफला मैदानाच्या मधोमध दीड तास पळावं लागतं. पळशील?"

"मी कशाला पळू, सायेब? बॉलला पळवतो की."

तिथल्या तिथं घेतला त्याला. कागदावर विणकाम खात्यात मदतनीस, पण काम फुटबॉल. सहा महिने बघायचं, साताऱ्याच्या स्पर्धेची शील्ड आणली तर परमनंट, नाहीतर घरी. गिरणीच्या डॉक्टरनं छाती ठोकली, जीभ बघितली. बुटांच्या नाड्या मोठ्या होत्या आणि बाहेर रांग होती. त्यानं बूट काही काढायला लावले नाहीत, 'सर्व अंगांनी तंदुरुस्त' असं लिहून मोकळा झाला.

*

प्रॅक्टिस झाली की आम्ही कृष्णेवर आंघोळीला जायचो. सर्जेराव काठावर बसून राहायचा. पाण्याची भीती वाटते म्हणायचा. डोंगरातला माणूस, आम्हाला पटलंही. एक दिवस गुंडाप्पानं मस्करीत मागून येऊन त्याचा उजवा बूट खेचला. बुटातून गिरणीतल्या चिंध्यांचा बोळा पडला.

पायाला अंगठा नव्हता. शेजारची दोन बोटंही नव्हती.

माझ्या हातातला साबण नदीत गेला. दरवर्षी जत्रेला स्वतःच्या हातानं बकरं कापणारा गुंडाप्पा मटकन खाली बसला. या पायानं हा माणूस चाळीस हातांवर बॉल नेमका टाकत होता!

सर्जेरावनं शांतपणे बोळा झटकला. इटलीत बर्फानं खाल्ली म्हणाला. गावाकडं म्हातारी आई, बायको, दोन पोरी. नाचणी चार महिने पुरते, बाकीचे आठ महिने या नोकरीवर. डॉक्टरला किंवा मॅनेजरला कळलं तर संपलंच. मग तो आमच्याकडं बघून म्हणाला, "तुमी बोललासा तर माझं घर बसलं, गड्यांनो. बास, येवढंच."

आम्ही बाकीच्या दहाजणांनी कृष्णेचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली.

*

शपथ सगळ्यांनी पाळली. गुंडाप्पानं जरा जास्तच पाळली.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजर साहेब खात्यातून फेरी मारत होते. गुंडाप्पा आपणहून पुढं झाला, नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, सर्जेरावचे पाय एकदम ठणठणीत हैत बघा. दहाच्या दहा बोटं. मी मोजल्यात."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि, "मी विचारलं का?" म्हणून पुढं गेले. सर्जेराव तीन दिवस गुंडाप्पाशी बोलला नाही.

*

उंब्रजला एकदा जत्रेत मॅच ठेवली होती. गाव कुस्तीचं. फुटबॉल त्यांनी कधी बघितलेला नव्हता, पण दोन हजार माणूस जमलं. मॅच एक-एक बरोबरीत सुटली. आम्ही सामान आवरायला लागलो, तर पाटील फेटा हातात घेऊन मैदानात. बक्षीस दिल्याशिवाय पाहुणे जाणार नाहीत म्हणाले, आणि बरोबरीला बक्षीस द्यायची रीत गावात नाही. दोन्हीकडचे सेंटर हाफ चांगले खेळले, त्यांची कुस्ती लावा, निकाल लागेल.

आम्ही हसलो. पाटील हसले नाहीत. हलगी सुरू झालीसुद्धा.

सर्जेराव बूट घालूनच आखाड्याकडं निघाला, तसं एका म्हाताऱ्यानं त्याला अडवलं. लाल मातीत पायताण घालून उतरायचं नाही. सर्जेरावनं आमच्याकडं वळून बघितलं. बघ्यांत आमच्या गिरणीची निम्मी माणसं होती. तेवढ्यात गुंडाप्पानं सदरा काढला, "हाफ मीच हाय" म्हणून ठोकून दिलं आणि उडी घेतली. अर्ध्या मिनिटात तो चितपट. फुटबॉलची मॅच पाठ टेकून हरलेली आमची हिंदुस्थानातली एकमेव टीम असेल. त्या दिवसापासून सर्जेराव गुंडाप्पाला दादा म्हणायला लागला.

*

साताऱ्याची फायनल. सहा महिने भरायला चार दिवस राहिलेले. मॅनेजर साहेब मालकांच्या शेजारी पुढच्या खुर्चीवर. समोरच्या टीमच्या कॅप्टननं रेफरीला सांगितलं, आमची सगळी पोरं अनवाणी आहेत, बूट चालणार नाहीत. रेफरीनं मान डोलावली.

गुंडाप्पा भांडला. मी पण भांडलो. पाय मुरगळलाय म्हणून बाहेर बस, असं सर्जेरावला कानात सांगितलं. तो म्हणाला, बसलो तर शील्ड जाईल, मग पाय लपवून तरी काय उपयोग. खाली बसला, नाड्या सोडल्या आणि बोळा नीट घडी करून बुटात ठेवला.

मालक उठून उभे राहिले. साहेबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

सहा-सात वेळा पडला तो. प्रत्येक वेळी उठला. शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं डाव्या पायानं बॉल काढून दिला आणि गुंडाप्पानं गोल केला. शील्ड आली. टांग्यात मी रडत होतो, सांगायला लाज नाही.

*

सोमवारी सकाळी साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावलं. मी हजेरीच्या टेबलावर, मधलं दार उघडं. शील्ड साहेबांच्या टेबलावर होती. दुपारी मालक येऊन ती कपाटात लावणार होते.

साहेबांनी सांगितलं, डॉक्टरांनी सकाळीच कागद बदलून तुला अनफिट ठरवलंय. तू माहिती लपवलीस. आजपासून काम बंद.

मला वाटलं, ऐकण्यात चूक होतेय. काल ज्याला खांद्यावर घेऊन नाचले, त्यालाच!

सर्जेराव भांडला नाही. त्यानं शील्डकडं बघितलं.

"बरोबर हाय, सायेब. मी अनफिट, तवा काल जितलो ते बी खोटं." त्यानं शील्ड उचलून काखेत मारली. "साताऱ्याला देऊन येतो. दुपारची गाडी हाय."

आणि चालायला लागला. साहेबांना वाटलं, नाटक करतोय. तो दाराबाहेर गेला. पायऱ्या उतरला. लंगडत लंगडत चौक ओलांडायला लागला. खिडक्या-खिडक्यांत माणसं आली, माग बंद पडले. साहेब घड्याळाकडं बघतात, दाराकडं बघतात. मग एकदम उठले आणि पळाले. टेबलाखाली बूट काढून बसायची त्यांची सवय, ते घालायचंही सुचलं नाही.

"अरे थांब! परमनंट! परमनंट करतो, थांब!"

सर्जेराव गेटजवळ थांबला. वळून त्यानं साहेबांच्या पायांकडं बघितलं.

"सायेब," तो म्हणाला, "बूट घालून या. खडी हाय."