मिरचीचा भाव विचारणारा माणूस

घाटंजीच्या बाजारात सुकी मिरची विकणाऱ्या तानाबाईचा विश्वास म्हणाल तर कोणावरच नाही. नोट दिली की ती आधी उन्हात धरणार. नाव विचारलं की म्हणणार, "तुमाले कायले पायजे?" बाजारातली माणसं हसतात. हसोत बापडी. ती सातवीत असताना एक पाहुणा तिच्या बापाच्या दुकानाशी आला, मिरचीचा भाव विचारला, हिच्याकडे वळून वळून पाहिलं आणि गेला. पुढच्याच उन्हाळ्यात हिचं लग्न लागलं. शाळेचं दप्तर खुंटीला तसंच राहिलं. अशा बाईनं ताक फुंकून पिऊ नये तर काय करावं?

नवरा लवकर गेला. उरली एक पोरगी, निकिता. ती हुशार आहे असं मास्तर म्हणाले, तर तानाबाईला मास्तराचाच संशय आला. बारावीनंतर पोरीनं बंगळुरूकडच्या एका मोठ्या विद्यापीठात अर्ज केला, परीक्षा दिली, मोबाईलवर मुलाखतही दिली. हजारोंतून मोजकी पोरं घेणार, आणि घेतली की फी माफ, राहणं-खाणं फुकट.

"फुकट?" मिरचीची देठं खुडता खुडता तानाबाईनं मान वर केली. "फुकट तर कोणी कडुलिंबाचा पाला नाई देत. काय विकून राह्यले ते?"

"काई नाई विकत, माय. घरची चौकशी कराले एक माणूस येईन. तेवढं झालं की निकाल."

"येऊ दे. पाहून घेतो मी त्याले."

आता विद्यापीठाचा माणूस म्हणजे गाडी, इस्त्रीचे कपडे, गळ्यात पट्टा, असं तानाबाईनं मनाशी धरलेलं. आला तो एसटीनं, पायात साधी चप्पल घालून. अश्वजित त्याचं नाव. त्याच विद्यापीठात शिकून यवतमाळला नोकरीला लागलेला. निकिता नळावर गेलेली, घराला कुलूप दिसलं म्हणून तो बाजारात आला. आधी सहज बोलायचं, ओळख मागाहून द्यायची, अशी त्याला ताकीद होती.

"जयभीम, मावशी. मिरची कशी दिली?"

तानाबाईनं कान टवकारले. आपल्याच समाजातला, लग्नाच्या वयाचा, आणि भाव विचारूनही मिरचीकडे न पाहणारा.

"निकिता तुमचीच ना? कशी आहे पोरगी?"

झालं. डाळीत काळं कसलं, सगळी डाळच काळी. स्थळवाला आला! तानाबाईनं पदर खोचला.

"कशी राहीन? भाकर येत नाई. दिवसभर पुस्तकात तोंड. सरपंचाशी नळावरून भांडून आली. आन् तसंबी तिचं लग्न ठरलं हाय. ह्याच उन्हाळ्यात."

पोराचा चेहरा उतरला. हे खरं का, असं त्यानं शेजारच्या बिजलीबाईला विचारलं. ती लसूण विकते. बाजाराचा रिवाज असा, की शेजारणीनं सांगितलेला भाव गिऱ्हाइकासमोर खोडायचा नाही. बिजलीबाईनं तो रिवाज लग्नालाही लावला. "ठरलं ना, पक्कं ठरलं."

तो गेल्यावर थोड्या वेळानं बिजलीबाई म्हणाली, "लय हळहळला वो तो. जाता जाता मले म्हणे, आमच्या विद्यापीठाले अशीच पोरगी पायजे होती."

तानाबाईच्या हातातलं तराजू कलंडलं. नेमकी तेव्हाच निकिता डबा घेऊन आली. बिजलीबाईकडून तिला सगळं कळलं. डबा ठेवून ती बसस्टँडकडे निघाली. तानाबाई तिच्या मागं धावली. दुकान उघडंच राहिलं, जन्मात पहिल्यांदा.

अश्वजित यवतमाळच्या गाडीची वाट पाहत उभा होता.

"लग्न-बिग्न काई नाई, बाप्पा," तानाबाई धापा टाकत म्हणाली. "खोटं बोलली मी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नोट उन्हात धरून ती पाहते ना, तसंच.

"मावशी, मघाशी साक्षीदारासकट सांगितलंत. मला पोरगी मागायला आलेला समजलात, ठीक आहे. पण तिला जागा दिली अन् पुढच्या महिन्यात तुम्ही खरंच लग्न लावलं, तर दुसऱ्या पोरीची जागा वाया जाते. मी आता कशावर विश्वास ठेवू?"

निकिता आईकडे वळली.

"माय, तुले दुसरं खोटं नाई सुचलं? बिमार हाय म्हणतीस. लग्नच काहून?"

तानाबाईला लाज वाटली. जे आपल्या नशिबी आलं तेच आपल्या तोंडून पोरीच्या नशिबी लिहिलं जात होतं, आणि ते किती सहज जिभेवर आलं! गाडी लागली. कंडक्टरनं हाक दिली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी असं लिहा. माय खोटारडी हाय. कोणाशीच खरं बोलत नाई. पोरगी तशी नाई. तिले विचारा, ती सांगीन ते खरं. मायचं एक आयकू नका."

अश्वजितनं ती गाडी सोडली. दोघं बाकड्यावर बोलत बसली, आणि तानाबाई लांब, ऐकू येणार नाही अशी उभी राहिली. काय बोलतात ते ऐकावंसं फार वाटत होतं, पण ती जवळ गेली नाही.

निकिताला जागा मिळाली. तानाबाई अजून म्हणते, पहिल्या वर्षाचं जेवण फुकट, दुसऱ्या वर्षी पाहा कसे हात दाखवतात. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "पोरगी दिसून नाई राह्यली, कुठं गेली?" मामाच्या गावाले, असं खोटं तिच्या जिभेवर तयारच होतं. तिनं ते गिळलं.

"शिकायले गेली, बंगळुरूले," ती म्हणाली, आणि त्याची नोट उन्हात धरली.