पाडवा करून जा

माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मराठवाड्यातून आलेल्या माझ्या सासरच्यांना हैदराबादेत दोन पिढ्या झाल्या, घरातली अर्धी बोलणी दख्खनीत आणि तेलुगूत होऊ लागली, पण पहिलटकरणीनं सातव्या महिन्यात ओटी भरून आईकडे जायचं, हे काही कुणी बदललं नाही. माझं माहेर नांदेडच्या पुढं तासाभरावर. आईनं नांदेडच्या एका दवाखान्यात माझं नाव घालून ठेवलं होतं. डिंक, खारीक, खोबरं, अळीव सगळं आणून झालं होतं आणि रोज फोनवर मला त्याचा हिशोब ऐकावा लागत होता.

हैदराबादेत मात्र माझं नाव कुठंच नव्हतं. कोठी भागातल्या एका डॉक्टरबाईंकडे महिन्याला तपासून यायचे, एवढंच. डिलिव्हरी कुठं करणार, असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आईकडे. त्यांनी फाईलवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. घरीही कुणाच्या मनात आलं नाही की इथंही एखाद्या ठिकाणी नाव घालून ठेवावं. सासरी आधीपासून असली तयारी करणं म्हणजे सुनेच्या माहेरावर अविश्वास दाखवणं. तो कोण दाखवणार?

ओटीभरण मार्चच्या सुरुवातीलाच झालं. त्याच आठवड्यात निघायचं असं माझ्या मनात होतं. बातम्यांमध्ये तेव्हा त्या आजाराचं नाव रोज येत होतं, पण ते दुबईहून, इटलीहून आलेल्या माणसांचं दुखणं आहे, आमच्या मलकपेठेत ज्वारीच्या भाकरी खाणाऱ्यांना ते कुठून होणार, अशी आमची समजूत होती. आत्याबाई म्हणाल्या, "पाडवा करून जा. सणाच्या तोंडावर लक्ष्मी घराबाहेर धाडू न्हाई." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांना एकुलता एक मुलगा, तो माझा नवरा. लेक नाही. माझ्यावर त्यांचा जीव होता, पण तो जीव त्या नेहमी एखाद्या सणाच्या आडून दाखवायच्या. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. नवऱ्यानं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचं काचीगुड्याहून तिकीट काढलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पाडव्याच्या तीन दिवस आधी सगळं बंद झालं. आधी वाटलं, महिनाअखेरपर्यंत आहे, निघेल मार्ग. मग एके संध्याकाळी साऱ्या देशालाच कुलूप लागलं. तिकिटाचे पैसे परत आल्याचा मेसेज आला तेव्हा मी पलंगावर बसून तो चारदा वाचला. ज्या पाडव्यासाठी मला ठेवून घेतलं होतं, त्या पाडव्याला पुरणाला डाळ मिळाली नाही. किराणा दुकानासमोर एवढी रांग की नवरा दोन तास उभा राहून मीठ आणि साबण घेऊन परत आला. गुढी उभी राहिली आणि नैवेद्याला साखरभात झाला. जेवताना कुणी कुणाकडे बघितलं नाही.

त्या दिवशी भांडी आवरताना आत्याबाई सहज म्हणाल्या, "निघंल एखादी गाडी. देव बघतो." आणि माझ्या तोंडाचा ताबा सुटला. मी म्हटलं, "देव बघत होता तेव्हा मी जायला निघालेच होते. तुमच्या पाडव्यापायी मी अडकले. तुम्हाला एखादी लेक असती ना, तर कळलं असतं." हे शेवटचं वाक्य मी आजही परत घेऊ शकलेले नाही. त्यांनी हातातली कढई खाली ठेवली, पदरानं हात पुसले आणि आत गेल्या. त्यानंतर आम्ही एकमेकींशी फक्त कामापुरतं बोललो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, झोप आता. मला राग धरता येतो, तो माझा जुना गुण आहे, आणि त्या वेळी तर मला वाटायचं की माझ्या पोटाएवढाच माझा रागही रास्त आहे.

एप्रिल तसाच गेला. डब्यात ज्वारी होती पण गिरणी बंद, त्यामुळे धान्य असून भाकरी नाही. आत्याबाईंनी ज्वारी मिक्सरमध्ये दळून पाहिली. भाकरी थापेपर्यंत नीट असायची आणि तव्यावर टाकायला उचलली की तिचे चार तुकडे. मग त्या ज्वारीच्या घुगऱ्या शिजवून माझ्यापुढं ठेवायच्या. आम्ही भात खाऊन कंटाळलो. शेजारच्या तेलुगू घरातल्यांना त्यात कंटाळण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. भाजीची गाडी आठवड्यातून दोनदा यायची आणि लोक बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचे. नवरा घरातून काम करायचा आणि मधल्या वेळात माझ्या गावी जायच्या पासचा अर्ज भरायचा. दोनदा नामंजूर झाला. तिसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा मला नववा लागला होता, आणि सहा तासांचा रस्ता, वाटेत नाके, तिकडं पोचल्यावर चौदा दिवस शाळेच्या वर्गात वेगळं राहणं, हे सगळं ऐकून आईच फोनवर म्हणाली, "नको गं बाई, आहेस तिथंच राहा."

आई इकडं का आली नाही, असं मला नंतर कित्येकांनी विचारलं. गावानं वेशीवर बाभळीची काटेरी झुडपं टाकून रस्ता बंद केला होता. बाहेर गेलेल्याला परत घेणार नव्हते. आणि वडील अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणात होते, त्यांना भरवायचं, फिरवायचं सगळं आईच्याच हातानं. लेक की नवरा, असा प्रश्न कुणी तिला समोर बसवून विचारला नाही. तिनं स्वतःच उत्तर ठरवलं आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. मी मात्र तेव्हा फोनवर रडून तिचा जीव नकोसा केला.

मग खरा प्रश्न उभा राहिला. बाळ येणार होतं आणि ते कुठं येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. हैदराबादेतल्याच हिमायतनगरच्या एका नर्सिंग होमनं फोनवरच सांगितलं, आमच्याकडे नाव घातलेल्या बायाच आम्ही घेतोय. दुसऱ्यांनी आधी तपासणीचा रिपोर्ट मागितला, आणि ती तपासणी कुठं करायची विचारलं तर म्हणे ते तुम्ही बघा. मोठ्या सरकारी दवाखान्याची मला भीती वाटत होती, तिथं आजारी माणसं असतील अशी. कोठीच्या डॉक्टरबाईंच्या क्लिनिकचा फोन नुसता वाजत राहायचा. प्रत्येकजण पहिला प्रश्न तोच विचारायचा, नाव कुठं घातलंय? आणि मी प्रत्येकाला सांगायचे, नांदेडला. पलीकडून नुसतं 'अच्छा' यायचं, आणि त्यातच मला पुढचं ऐकू यायचं. एवढी शिकलेली बाई, नोकरी करणारी, नऊ महिने काय करत होती? माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं. नवरा धीर द्यायचा आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवायचा.

त्याच सुमारास आत्याबाई सकाळी भाजीला म्हणून बाहेर पडू लागल्या. सात वाजता जायच्या आणि अकराला यायच्या. पिशवीत अंबाडीची एक जुडी. दुसऱ्या दिवशीही अंबाडी. तिसऱ्या दिवशी मी न राहवून म्हटलं, "चार तास लागतात एका जुडीला? तुम्हाला शुगर आहे, बाहेर फिरू नका म्हणून रोज सांगतात, ऐकू येत नाही का?" त्या म्हणाल्या, "लाईन असती लै." त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी सुतळीनं बांधला होता. तेही मी पाहिलं आणि मनात म्हटलं, हौस बघा बाईची. त्याच दिवशी माझी दवाखान्याची फाईल कपाटात सापडेना. "असंल की इथंच," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी ती खरंच तिथंच होती. चौथ्या दिवशी अंबाडी नव्हती. त्या बारा वाजता आल्या, पाय धुतले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या दहा वाजता हिला घेऊन कोठीला जा. डॉक्टरीणबाई येणार हायेत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला तपासलं. चेहऱ्यावर दोन मास्क आणि वर प्लास्टिकचा पडदा, त्यामागून फक्त डोळे दिसत होते. फाईलवर त्यांनी शिक्का मारला, त्या जिथं डिलिव्हरीला जातात त्या नर्सिंग होमचं नाव लिहिलं आणि खाली माझं. मग म्हणाल्या, "चार दिन से तुम्हारी सास मेरे क्लिनिक की सिड्डियों पे बैठी थी. वॉचमन बोला मॅडम नई आते, तो भी बैठी. मैं तो सिर्फ कागज लेने आई थी कल. मेरे कू बोली, गलती मेरी है, बच्ची की नई. मैं ही रोक ली उसकू, माँ के घर जाने नई दी, ऐसा बोली."

मलकपेठेपासून कोठीपर्यंत त्या रोज चादरघाटच्या पुलावरून चालत जात होत्या. पुलावर पोलीस अडवायचे, त्यांना माझी फाईल दाखवायच्या. पायऱ्यांवर बसायच्या आणि उन्हं चढली की परत निघायच्या, येताना जी भाजी उरलेली असेल ती घ्यायच्या. मला हे रिक्षात नवऱ्यानं सांगितलं, त्यालाही आदल्या रात्रीच कळलं होतं. मी घरी आले. त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं, माफी मागावीशी वाटली. मी विचारलं, "पाय दुखतात का?" त्या म्हणाल्या, "न्हाई." एवढंच झालं आमचं. माझा राग गेला होता, पण तो गेला हे सांगायला लागणारं तोंड माझ्याकडे नव्हतं.

मे संपता संपता कळा सुरू झाल्या. नर्सिंग होममध्ये सोबत एकच माणूस, तेही बाईमाणूस, असा नियम होता. नवरा फाटकाबाहेर राहिला आणि आत्याबाई आत आल्या. त्यांनी आयुष्यात कुणाचं बाळंतपण केलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं त्यांच्या आईनं केलं होतं, तेही एकदाच. नर्स दवाखान्याच्या भाषेत जे सांगेल त्याला त्या "हौ, हौ" म्हणायच्या आणि मग मला डोळ्यांनी विचारायच्या की ही काय म्हणाली. कळा वाढल्या तशी मी आईला हाका मारू लागले. आई गं, आई गं. सगळ्याच बायका मारतात, पण मी माझ्या आईलाच बोलावत होते. आत्याबाईंनी माझा हात धरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आई न्हाई गं लेकरा. मी हाय. मीच ठिवून घेतलं तुला." मला त्यांची माया वाटली आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, पुन्हा रागही आला. मी त्यांच्या मनगटात नखं रुतवली. त्यांनी हात काढून घेतला नाही. मुलगी झाली.

सव्वा महिना आत्याबाईंनी माझं सगळं केलं. आईकडचा डिंक गावातच अडकला होता. खालच्या मजल्यावरच्या मुसलमान शेजारीणबाई, आमच्या खाला, त्यांनी स्वतःच्या सुनेसाठी ठेवलेल्यातला अर्धा दिला आणि रोज एक पेला अछवानीही पाठवू लागल्या. सुंठ, गूळ, डिंक आणि बदामाचं ते गरम पेय त्यांच्याकडे बाळंतिणीला देतात. आत्याबाई फोन खिडकीत उभा करून ठेवायच्या आणि आई तिकडून सांगायची, पाणी अजून कडक घ्या, पाठीला वरून खाली, टाळूवर तेल जिरू द्या. आत्याबाई तसं तसं करायच्या. एखाद्या दिवशी सांगता सांगता आई मध्येच गप्प व्हायची आणि फोन बंद व्हायचा. आत्याबाई म्हणायच्या, "रेंज गेली जनू." मीही म्हणायचे, हो, रेंज गेली.

दिवाळीच्या आधी एस.टी. सुरू झाली. भाऊ वडिलांपाशी येऊन राहिला आणि आई आठ दिवसांसाठी आली. दारातच तिनं पिशवी खाली टाकली आणि हात पुढं केले. मुलगी पाच महिन्यांची झाली होती, तिला माणसं कळायला लागली होती. तिनं आईकडे बघून ओठ काढले आणि आत्याबाईंच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली. आत्याबाई ओशाळल्या. "अगं तुझी आजी हाय, जा की, जा," म्हणून तिला ढकलू लागल्या, तशी ती जास्तच रडली. आईनं हात मागं घेतले आणि पदर सारखा केला. "राहू द्या हो," म्हणाली, "तिनं तुम्हालाच बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चुलीवरच्या पातेल्याएवढं मोठं पातेलं गॅसवर ठेवून पाणी तापवलं आणि मला म्हणाली, "बस पाटावर." मी हसले. म्हटलं, "आई, पाच महिने झाले. माझी नोकरी सुरू झाली, दहाला मीटिंग आहे." ती हसली नाही. "माझं राहिलंय," म्हणाली. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी ते पातेलं दोन्ही हातांनी उचललं, न्हाणीत नेऊन ठेवलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. पलीकडे त्या मुलीशी काहीतरी बोलत होत्या, ते ऐकू येत होतं.

आईनं तेल कोमट करून आणलं होतं. तिनं माझे खांदे चोळले, पाठ वरून खाली दाबली, कमरेशी येऊन बराच वेळ थांबली. जे चाळीस दिवसांत करायचं ते तिला आठ दिवसांत करायचं होतं, आणि ज्यासाठी करायचं ते कधीच होऊन गेलं होतं, हे तिलाही कळत होतं. तिनं माझ्या कमरेवर तळवा टेकवला आणि विचारलं, "दुखतंय का गं अजून?"

मला काहीही दुखत नव्हतं. कळा, टाके, कंबर, सगळं आत्याबाईंच्या हाताखाली केव्हाच बरं झालं होतं.

"हो," मी म्हटलं, "तिथंच दुखतंय." आणि तिनं वाटीतलं आणखी तेल हातावर घेतलं.