काळे राहिलाय

दुपारचं जेवण अंगावर आलंय. विद्यापीठाच्या विभागातला पंखा घरघरतोय. फॉर्मच्या गठ्ठ्यावर रेवती खरातचं डोकं टेकतंय न टेकतंय, तोच समोरच्या खुर्चीत वकिल्या काळे येऊन बसतो.

सहा महिन्यांपूर्वी तुरुंगातल्या मारहाणीच्या पाहणीसाठी तिनेच आत जाऊन त्याची मुलाखत घेतली होती. कच्च्या कैद्यांच्या यादीतलं दर सातवं नाव उचलायचं, त्यात हा आला. त्याच माणसांना पुन्हा भेटायचं होतं. ती दुसऱ्या फेरीला गेली, तोवर हा तुरुंगातच मेलेला. सर म्हणाले, "नमुन्यातून गळाला म्हणून लिही. यादीतलं पुढचं नाव घे." तिने घेतलं. आज अहवाल जायचाय.

"बाई, माज्या जागी कोन हाय?"

"तुमच्या पुढचा. बरा आहे तो."

"बरा आसनारच. जित्ता हाय." तो हसतो. "आयनं नाव वकिल्या ठिवलं, आन् वकील काय मिळाला न्हाई."

खुर्च्या त्याच, पण भोवती आता तुरुंगाच्या भिंती आहेत आणि कोपऱ्यात रेवतीच्या आईची चूल धुमसतेय.

"त्या दिशी तुमच्या मागं शिपाई हुबा हुता. तुमी इचारलं, मारत्यात का? मी न्हाई म्हनलो. तुमी 'न्हाई'वर खूण केली. तुमाला कळलं हुतं."

रेवती मान खाली घालते. कळलं होतं.

अहवालात छापलंय, मारहाणीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. येणारच! मेलेले वगळा, उरलेल्यांना शिपायासमोर विचारा. कुठलाही तुरुंग सुधारतो. वर त्याला शास्त्रीय पद्धत म्हणायचं.

"आता शिपाई न्हाई. इचारा."

"मारतात का?"

वकिल्या सदरा वर करून वळांनी भरलेली पाठ दाखवतो. रेवती पेन उचलते.

"जोरात लिवा, बाई. हळू लिवलेलं ह्यास्नी दिसत न्हाई."

"रेवती! झालं का?" दारात सर उभे आहेत. तिचे डोळे उघडतात, गाल ओले आहेत.

"नाही सर. काळे राहिलाय."

"कोण काळे?"

ती गठ्ठ्याखालून त्याचा फॉर्म ओढते. 'नाही'वर आडवी रेघ आहे. कागद फाटलाय. खाली टेबलाच्या लाकडात निळा चर पडलाय. बोट फिरवलं की लागतो.