गौरम्मा भेटायला आलेल्यांना कामाला लावते

पडदा वर जातो तेव्हा उदगीरच्या किल्ल्याकडच्या गल्लीतली एक ओसरी दिसते. डाव्या अंगाला चपलांचा ढीग, उजव्या अंगाला पाण्याचा निळा ड्रम आणि मधोमध तुरीच्या हिरव्या शेंगांनी भरलेलं टोपलं. टोपल्याभोवती धान्याच्या मोंढ्यातली चार वजनदार माणसं मांडी घालून बसली आहेत. चेहरे अगदी पडलेले, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात, पण बोटं मात्र शेंगा सोलतायत. कुणी सुस्कारा सोडला की एक दाणा उडतो आणि ड्रमखाली जातो.

आतल्या खोलीत मडिवाळप्पा शेवटच्या दुखण्यात पडले आहेत आणि ही मंडळी त्यांना भेटायला आली आहेत. उंबऱ्याशी पाट टाकून बसलेली, पदर कमरेला खोचलेली ठेंगणी बाई मात्र पाहुणीही नाही आणि घरातलीही नाही. ही समोरच्या पिठाच्या गिरणीतली गौरम्मा. या खेळात सगळ्यांना उठवणारी-बसवणारी तीच.

गल्लीत कुणी अंथरुणाला खिळलं की गौरम्मा त्या घरी जायची. जाऊन आजाऱ्याकडं मात्र ती आधी बघायची नाही. आजाऱ्याचं करणारं जे कुणी असेल, सून, बायको, लेक, तिच्यासमोर उभी राहून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि विचारायची, "आंघोळ कवा केलीस?" उत्तर द्यायला समोरचीला विचार करावा लागला, की गौरम्मा पाट मागायची.

तिचा नवरा सिद्रामप्पा गिरणीच्या पट्ट्याला तेल घालता घालता म्हणायचा, "डॉक्टरला कळायच्या आधी तुला कळतंय. लोक तुला बघून दार लावून घ्यायला लागलेत."

"लावू दे. मागचं दार हाय की."

या उद्योगाचं मूळ तिच्या सासूत होतं. सासू अंथरुणावर होती तेव्हा सारा गोतावळा तिचं तोंड बघायला यायचा. लोक यायचे, कपाळाला हात लावायचे, "लई करून राहिलीस पोरी" म्हणायचे आणि चहा घेऊन जायचे. बशी कुणी विसळली नाही, की म्हातारीला कूस बदलायला कुणी हात लावला नाही. सासू गेली त्या घडीला गौरम्मा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तो चहा कुणासाठी होता, हे तिला अजून आठवतं. त्या गृहस्थानं साखर कमी टाकायला सांगितली होती.

तेव्हापासून तिनं आपली पद्धत बसवली. भेटायला आलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा काम द्यायचं, मग बोलू द्यायचं. रडू आलेल्याला कांदा चिरायला द्यायचा, म्हणजे त्याचीही सोय होते. सल्ला घेऊन आलेल्याला ड्रम भरायला लावायचं. आणि चहा प्यायचाच असेल तर पिणाऱ्यानं करायचा, एक कप घरातल्या बाईच्या हातात द्यायचा आणि ती तो पिऊन संपवीपर्यंत समोर बसायचं.

या पद्धतीत चुकाही व्हायच्या. मडिवाळप्पांकडंच एकदा मठातले स्वामी आले. खरं तर स्वामी घरी आले की पाय धुऊन, विभूती लावून पाटावर बसवायचं. गौरम्मा पाठमोरी होती. दारात सावली पडल्यासरशी तिनं वळून न बघताच सूप मागं सरकवलं आणि म्हणाली, "बसा, हे दाणे पाखडा." वळून भगवी छाटी बघितली तेव्हा तिनं कमरेचा पदर सोडून घाईनं डोक्यावर घेतला. स्वामींनी सूप मांडीवर घेतलं. "पादपूजा मग करू," ते म्हणाले, "आधी एवढं संपू दे." त्यानंतर गल्लीतल्या कुणाचीच नाही म्हणायची टाप राहिली नाही.

आता मडिवाळप्पांच्या घरचं सांगायला हवं. मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंच. मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान होतं. पोटातला आजार वाढला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता घरी न्या, दुखू देऊ नका, खाईल तेवढं खाऊ द्या. गाडीतून उतरताना मडिवाळप्पांनी बायकोचा दंड धरला. "शरणम्मा, आता मला इथून हलवायचं न्हाई. त्या काचंच्या खोलीत मला मरायचं न्हाई." शरणम्मा म्हणाली, "न्हाई हलवणार." मागं एक माणूस त्यांच्या आजाराचे कागद धरून उभा होता आणि पुढं एक शेळी दारात आडवी बसली होती. अशा गडबडीत दिलेला शब्द, पण शरणम्मा तो विसरली नाही.

आणि मग माणसं यायला लागली. प्रत्येक जण आत जायचा, खाटेवर वाकायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "आप्पा, ओळखलं का मला?" आजाऱ्याची ही परीक्षा आपल्याकडं घेतलीच जाते. मडिवाळप्पा पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं सांगत राहिले. नाव सांगितलं की माणूस खूश होऊन ठाण मांडायचा आणि जुन्या गोष्टी काढायचा. दमलेल्या मडिवाळप्पांनी मग एक युक्ती काढली. कुणीही विचारलं की डोळे अर्धे मिटून ते म्हणायचे, "न्हाई ओळखलं." बिचारा माणूस गप होऊन निघून जायचा.

युक्ती मडिवाळप्पांना फार आवडली. फक्त निघून गेलेला माणूस पुढं काय करतो, याचा त्यांनी विचार केला नव्हता. तो गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून दहा ठिकाणी फोन करायचा: "आप्पांना माणूस ओळखू येईना, आता काही खरं नाही, तोंड बघून घ्या." झालं. देवणीहून, भालकीहून, धर्माबादहून गाड्या सुटल्या. जितक्यांना ओळखलं नाही, त्याच्या चौपट माणसं दारात आली.

शरणम्मा चुलीपुढून खाटेपाशी आणि खाटेपासून चुलीपुढं फिरत होती. एका दुपारी तिनं सगळ्या पाहुण्यांच्या चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. पाहुण्यांनी तो दुःखाच्या घरचा चहा म्हणून मुकाट्यानं पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी ती उभ्या उभ्या झोपली आणि पातेल्यासकट खाली आली. पातेल्याचा आवाज रस्त्यापलीकडं गिरणीत ऐकू गेला. गौरम्मा पाट घेऊनच आली.

ओळख विसरल्याची आणि पातेलं पडल्याची, दोन्ही बातम्या लातूरला वैजनाथपर्यंत पोचल्या. वैजनाथ मडिवाळप्पांचा धाकटा भाऊ. त्याची डाळमिल होती आणि प्रत्येक गोष्ट तातडीनं करायची त्याला सवय होती. तो मोठी गाडी घेऊनच आला. मागची सीट आडवी करून त्यावर गादी घातलेली. ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी चालूच ठेव."

"वहिनी, कपडे भरा. दवाखान्यात खाट सांगून ठेवलीय," तो ओसरीतूनच बोलत आत आला. "भावाला घरात मरू दिलं म्हणून उद्या लोक माझ्या तोंडावर थुंकतील."

शरणम्मा भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर टेंगूळ. "भावजी, मी शब्द दिलाय त्यास्नी."

"शब्द दिला, पण तुमच्याच्यानं होतंय का? आरशात बघा एकदा. उद्या तुम्हीच पडलात तर मी दोन खाटा सांगू का?"

त्याचं खरं होतं, हे शरणम्मालाही कळत होतं. तिनं गौरम्माकडं बघितलं. ही आता दिराला चांगली झाडेल, असं तिला वाटलं.

"बरोबर बोलले," गौरम्मा म्हणाली. "एकटीच्यानं होत न्हाई."

वैजनाथला भांडायची तयारी करून आल्यावर असं काही ऐकायची सवय नव्हती. "मग?"

"मग काय, तुम्ही आलात ते लई बरं झालं. आप्पांची कूस बदलायचा वखत झालाय. घड्याळ काढा, बाह्या वर करा. न्ह्यायचं असंल तरी उचलायला शिकावं लागंल की."

"मी? नर्स बघतील ते तिकडं."

"इकडं नर्स न्हाई, भाऊ हाय. आणि त्या ड्रायव्हरला म्हणावं गाडी बंद कर आणि ओसरीत ये. शेंगा पडून राहिल्यात."

वैजनाथ आत गेला. त्यानं आयुष्यभर पोती मोजली होती, उचलली कधीच नव्हती. त्यानं एक हात भावाच्या मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली आणि जोर लावला. मडिवाळप्पा वळले नाहीत, धोतर तेवढं वळलं.

"वैज्या," खाटेवरून बारीक पण स्पष्ट आवाज आला, "मी तूर न्हाई. सावकाश."

वैजनाथचे हात होते तिथंच राहिले. "दादा, तू ओळखलंस मला?"

"धोतर सोडवून राहिलास, मग न ओळखून करू काय?"

"पण लोक म्हणत्यात तुला कुणीच ओळखू येईना."

"यायचे आणि जायचेच न्हाईत. म्हणून म्हणायचो."

वैजनाथ आधी हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो भावाच्या पायाशी बसला. गौरम्मानं त्याला बसू दिलं, पण फार नाही. "तेलाची वाटी तिथं हाय. रडत रडत पाठीला लावा. हाडावर जोर न्हाई द्यायचा."

त्या दुपारी गौरम्मानं शरणम्माला हाताला धरून गिरणीमागच्या आपल्या खोलीत नेलं. शरणम्मा दाराला अडली. "अक्का, मी झोपले आणि तिकडं हे गेले तर?"

गौरम्मानं तिला खोटा धीर दिला नाही. "गेले तर माझ्यावर राग धर. जलमभर धर. पण आत्ता पड." समोर गिरणी धडधडत होती. सिद्रामप्पानं ती कुणी न सांगता बंद केली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "उद्या या, लाइट गेलीय." गिऱ्हाइकानं वर चालू असलेल्या बल्बकडं बघितलं आणि डबा ठेवून गेलं.

गाडी त्या दिवशी लातूरला परत गेली. मागच्या सीटवर फक्त गादी होती आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी तुरीच्या सोललेल्या दाण्यांची पिशवी. वैजनाथ राहिला.

पुढच्या दिवसांत वैजनाथसारखा कडक पहारेकरी गल्लीनं पाहिला नाही. औषध तो वेळेवर द्यायचा आणि देताना घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगायचा. पाहुणा खाटेवर वाकून "ओळखलं का?" म्हणायला तोंड उघडतोय, तोवर हा त्याचा हात धरून, "ओळखलं, तुम्ही निलंग्याचे, चला चादर पिळायला," म्हणून मोरीकडं घेऊन जायचा. मडिवाळप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांच्या मिशा हलायच्या. दाढी करताना वैजनाथनं त्यातली एक बाजू जरा जास्त उडवली होती. शरणम्मा दोन वेळा जेवायला लागली. संध्याकाळी ती खाटेशेजारी नुसती बसायची, दोघं मोंढ्यातल्या माणसांची निंदा करायची. बऱ्याच वर्षांत त्यांना एवढी फुरसत मिळाली नव्हती.

एका सकाळी मडिवाळप्पांना मऊ भात नको झाला, मग दूधही नको झालं. शरणम्मानं चमच्यानं पाणी ओठाला लावलं. निम्मं आत गेलं, निम्मं हनुवटीवरून ओघळलं. ती पुसत होती तेव्हाच ते गेले. गौरम्मा त्या वेळी दाराबाहेर होती आणि चहा मागणाऱ्या एकाला चहाची पातेली कुठं असते ते दाखवत होती. आत काय झालं ते तिला कळलं. तिनं आत जाण्याची घाई केली नाही. तो वेळ शरणम्माचा होता.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं मडिवाळप्पांना मांडी घालून भिंतीशी बसवलं. कपाळभर विभूती लावली, हार घातले. शरणम्मा त्यांच्या शेजारी बसून पोटभर रडली. भजनकऱ्यांनी पेटी उघडली, टाळ सुरू झाले. आणि त्या टाळांच्या कल्लोळात, नवऱ्याच्या खांद्याला डोकं टेकवून, शरणम्मा गाढ झोपली. तोंड किंचित उघडं. हारातला एक झेंडू तिच्या केसांवर पडलेला. काही बायकांनी एकमेकींना कोपरं मारली, पण गौरम्मा समोरच बसली होती, म्हणून पुढं कुणी काही केलं नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून हंबरडा ऐकू आला. मडिवाळप्पांची थोरली बहीण गुणाबाई निलंग्याहून पोचली होती. छाती पिटत आत आली, भावाकडं बघितलं, मग भावजयीकडं बघितलं आणि तिचा हंबरडा मध्येच थांबला.

"शिवा शिवा. झोपलीय ही? माझा भाऊ गेला आणि ही झोपलीय? उठवा गं तिला, रडू द्या."

ती पुढं झाली. गौरम्मा उठून मध्ये उभी राहिली. तिनं गुणाबाईच्या हातातली पिशवी घेतली, तिला बसायला आपला पाट सरकवून दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. ती उठंस्तवर तुम्ही रडा."