मशीनखालची जागा

आमच्या दुकानात सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. तिने बेतलेल्या कपड्यात सूतभर फरक निघायचा नाही. मी शेजारच्या टेबलावर काज-बटणं करायचे, म्हणून तिचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत.

तिची अकरा वर्षांची मुलगी छबी बोलत नव्हती. शाळेने ठेवून घेतली नाही, शेजारणीने दोन दिवसांत हात टेकले. म्हणून पोर दुकानात, आईच्या मशीनखाली, पायडलवर तळहात टेकून बसायची. मशीन चालू असेपर्यंत शांत. थांबलं की किंचाळायची, स्वतःचं मनगट चावायची. म्हणून गिऱ्हाईक आलं की मास्तरीण दोरा काढून रिकामंच मशीन चालवत बोलायची. मी चिडवायचे, "हवा शिवतेस का गं?" तीही हसायची.

मापं मी घ्यायचे. त्या दिवशी एका बाईने हट्टच धरला, माप मास्तरणीनेच घ्यायचं. ती उठली, मशीन थांबलं, छबीने किंकाळी फोडली. मी पटकन तिच्या जागी बसून पायडल मारायला हवं होतं. सुचलंच नाही, आग लागो माझ्या डोक्याला!

"आईचा काही धाक आहे की नाही?" बाई कानांवर हात ठेवून म्हणाली. "एक ठेवून द्या, गप्प बसेल."

"तिला नाही हो कळत."

"सगळं कळतं. लाडावून ठेवलीये."

मालकीणबाई गल्ल्यावरून उठल्या. आणखी एक तक्रार आली तर पोरीला आणायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पोर नाही म्हणजे मास्तरीणही नाही; कुणाच्या भरवशावर टाकणार? तिने त्यांच्याकडे पाहिलं, वाकली आणि छबीच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा.

पोर गप्प झाली.

"बघा!" बाई म्हणाली.

"असा धाक ठेव, मग खुशाल आण," मालकीणबाई म्हणाल्या.

दिवसभर मास्तरणीची एकही शिवण सरळ आली नाही. मी उसवत बसले. मला बाईचा राग आला, मास्तरणीचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

दुसऱ्या दिवशी दोरा अडकून मशीन थांबलं. किंकाळी आली नाही. खालून फट् असा आवाज आला, मग पुन्हा. मी वाकून पाहिलं. छबी आईकडे बघत स्वतःच्याच गालावर मारत होती, जीव खाऊन.

"झाली की नाही शहाणी?" गल्ल्यावरून मालकीणबाई म्हणाल्या.