हुकूम आणि ‘हौ’

परभणी जिल्ह्यात माझ्या साडूंइतके हुकूम आजवर कुणी सोडले नसतील, आणि त्यांच्याइतके वायाही कुणाचे गेले नसतील. कलेक्टरसाहेब दिवसभरात जेवढे आदेश काढत असतील तेवढे आमचे साडू सकाळी दात घासता घासता काढायचे. फरक एवढाच, की कलेक्टरसाहेबांचं निदान त्यांचा शिपाई तरी ऐकत असेल. साडूंचं त्यांच्या घरचं मांजरही ऐकत नसे. “खाली उतर,” असं त्यांनी म्हटलं की ते टेबलावर अंग ताणून आडवं व्हायचं. मग साडू माझ्याकडे वळून शांतपणे सांगायचे, “बघा साडूभाऊ, औपचारिक अधिकाराची मर्यादा म्हणतात ती हीच.”

माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. पूर्णेला राहायचे आणि जवळच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचे. त्यातही नवीन काही त्यांना पटत नसे. शंभर वर्षांपूर्वी परदेशात कुणी खाणीचा कारभार पाहणारा, कुणी कंपनीचा बडा साहेब, कुणी एक विदुषी, अशा मंडळींनी माणसं एकमेकांचं का ऐकतात, एकत्र काम का करतात आणि पुढारी कशाला म्हणायचं यावर जे लिहून ठेवलं, ते साडूंना तोंडपाठ. श्रमविभागणी, आदेशातली एकवाक्यता, पदांची साखळी, संघभावना हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना वाटायचं, हा माणूस एखादा कारखाना नाही तर निदान एखादं संस्थान तरी सांभाळून आलाय. प्रत्यक्षात त्यांच्या हाताखाली उभ्या आयुष्यात एक खडू आणि एक डस्टर, एवढंच काय ते होतं. एकदा माझ्याकडे परभणीला आले असताना चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, “साडूभाऊ, शिकवून शिकवून केस पांढरे झाले. एकदा, फक्त एकदा, मी सांगावं आणि माणसांनी जसंच्या तसं करावं, एवढं बघायचं राहिलंय हो.” मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांचं सगळ्यात लाडकं तत्त्व म्हणजे, हुकूम देणाऱ्याच्या तोंडात नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात असतो. त्यानं मानला तर हुकूम, नाहीतर नुसता आवाज. परदेशात हे तत्त्व चालत असेल. आमच्या भागात त्याचा पार बोऱ्या वाजला, कारण आमच्याकडे कुणी कुणाला नाही म्हणतच नाही. ‘हौ’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, ‘हौ’ म्हणजे होकार. खरं तर त्याचा अर्थ, तुमचं बोलणं ऐकू आलं, आता तुमी जावा. साडू मूळचे पेडगावचे, जन्म या ‘हौ’मध्ये गेलेला, पण पुस्तकाच्या नादात तेही फसले. विभागातलं एक कपाट खिडकीपासून हलवायला त्यांनी शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, “हौ सर.” आठवड्यानं पुन्हा सांगितलं. “हौ सर.” महिना उलटला, कपाट जागचं हललं नाही. शेवटी साडूंनी आवाज चढवला तेव्हा तो बिचारा खरोखरच दुखावला. म्हणाला, “सर, मी हौ म्हणलो का न्हाई? मंग आजून काय पायजे तुमाला?”

दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला असता. साडूंनी ‘हौ’चा अभ्यास सुरू केला. आखूड ‘हौ’ म्हणजे ऐकलं. लांबवलेलं ‘हौऽऽ’ म्हणजे होणार नाही. ‘हौ-हौ’ असं दोनदा आलं तर काम दुसऱ्याच्या गळ्यात पडणार. आणि ‘हौ ना बाप्पा’ आलं की आपण काढता पाय घ्यावा. हे वर्गीकरण ते मला इतक्या तन्मयतेनं समजावून सांगत, की आपणही आतापर्यंत त्यांना आखूड ‘हौ’च देतोय, हे माझ्या उशिरा लक्षात यायचं. अक्का मात्र कुठल्याच वर्गात बसत नसत. त्या ‘हौ’ म्हणतच नसत. त्या म्हणत, “बघू.” आणि मग स्वतःच्या मनाला येईल ते करत. बहुतेक वेळा तेच बरोबर असे.

घरातही प्रयोग चालत. एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा, म्हणून त्यांनी ठरवलं की मुलीला आईनं परस्पर काही सांगायचं नाही. आईनं वडिलांना सांगायचं, वडील मुलीला सांगतील. अक्का म्हणाल्या, “बघू.” दुसऱ्याच दिवशी त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, साडू अंघोळीला बसले होते, आणि मुलगी गॅसजवळ उभी राहून मोबाइल बघत होती. अक्कांनी न्हाणीच्या दाराशी येऊन सांगितलं, “तिला सांगा, दूध उतू जायलंय.” साडूंनी तोंडावरचा साबण पुसला, कानातला काढला, काय म्हणालीस ते पुन्हा विचारलं आणि मग आतून आदेश सोडला. दूध सगळं ओट्यावर आलं, पण आदेशातली एकवाक्यता टिकली, याचं समाधान त्यांना दिवसभर पुरलं.

पेडगावला त्यांच्या थोरल्या भावाची शेती. एका वर्षी वेचणीच्या दिवसांत साडू तिथं गेले आणि बायका मन मानेल तशा कापूस वेचतात हे पाहून अस्वस्थ झाले. एका माणसाला मोजक्याच माणसांवर नीट लक्ष ठेवता येतं, असं पुस्तकात आहे. म्हणून त्यांनी दर तीन बायकांमागे एक देखरेख करणारी नेमली, त्या देखरेख करणाऱ्यांवर एक मुख्य, आणि मुख्यांना पाणी द्यायला एक मदतनीस. थोड्या वेळानं वहिनी भाकरी घेऊन शेतात आल्या, तर अर्ध्या बायका बांधावर हात कमरेवर ठेवून उभ्या. वहिनींनी टोपलं खाली ठेवलं आणि विचारलं, “भाऊजी, समद्याच मुकादम झाल्या. कापूस येचायला कोण ऱ्हायलं मग?” साडू म्हणाले, रचना आधी उभी राहावी लागते, काम मागून येतं. काम आलंच नाही. संध्याकाळच्या आत वहिनींनी सगळ्यांना पुन्हा सारख्या पातळीवर आणलं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, हिंगोलीला. “लग्न ही एक संघटना आहे,” असं साडूंनी जाहीर केलं आणि सगळा कारभार आपल्या हाती घेतला. आम्ही अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं. अक्का ‘बघू’ म्हणाल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या. मला वाटलं, लग्नाच्या गडबडीत त्यांचं लक्ष नसेल.

वऱ्हाड पूर्णेहून रेल्वेनं जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी अंगणात सभा झाली. माझा मेहुणा सामानप्रमुख, पेडगावच्या वहिनी डबेप्रमुख, माझी बायको महिलाप्रमुख. मला समन्वय दिला, म्हणजे काहीच दिलं नाही. नियम असा, की प्रत्येकानं आपल्या कामापुरतं बघायचं, दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही, आणि अडचण आली तर निर्णय फक्त साडूंचा. अक्कांकडे सगळ्यात मोलाची वस्तू होती, बुद्धवंदनेला नवरीनं नेसायच्या पांढऱ्या साडीची पेटी. ती साडी अक्कांनी स्वतः हिंडून हिंडून निवडली होती. साडू म्हणाले, “फलाटावर घड्याळाखाली पेटी घेऊन बसायचं. मी स्वतः येऊन सांगेपर्यंत हलायचं न्हाई.” सगळ्यांनी एका सुरात ‘हौ’ म्हटलं. मी मनातल्या मनात म्हटलं, उद्या तमाशा आहे.

पण सकाळी स्टेशनवर आक्रीत घडलं. स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचणारी पेडगावची मंडळी वेळेआधी हजर. सामान सांगितलेल्या जागी, डबे सांगितलेल्या जागी, म्हातारी माणसं बाकावर ओळीनं बसलेली. कुणी चहाला पांगलं नाही, कुणी कुणाला हाका मारल्या नाहीत. साडू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते आणि जिथं जातील तिथं माणसं उठून उभी राहत होती. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझा दंड घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं. कानाशी लागून म्हणाले, “साडूभाऊ, ऐकायलेत हो! माणसं ऐकायलेत!”

गाडी आली. मंडळी विभागवार चढली. साडू पुढच्या डब्यातून मागच्या डब्यात सगळं तपासत गेले, आणि गाडी सुटली. अक्कांना सांगायला ते फलाटावर परत गेलेच नाहीत. त्यांच्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात जी बाई त्यांच्या सांगण्यासाठी कधी थांबली नाही, ती गाडी लागल्याबरोबर आपली आपण चढली असणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

वहिनींना खिडकीतून घड्याळाखाली बसलेल्या अक्का दिसल्या. एरवी त्यांनी डबा डोक्यावर घेतला असता, पण त्या डबेप्रमुख. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “समन्वय, अक्का खालीच ऱ्हायल्या.” मी साडूंना शोधत निघालो. वाटेत मेहुणा भेटला, त्यानंही पाहिलं होतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, “मी सामानप्रमुख. अक्का काय सामान हाय का?” साडूंना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी अक्कांना फोन लावला. तो माझ्या बायकोच्या मांडीवर वाजला, कारण बायकांच्या पर्सा महिलाप्रमुखाकडे होत्या. ती पर्स उंच धरून विचारू लागली, “अक्काचा फोन वाजायलाय. उचलू का?”

तेवढ्यात नवरी उठून उभी राहिली. “पप्पा, मम्मी कुठंय?” सगळ्यांच्या नजरा खिडकीबाहेर वळल्या, तसा तिला हुंदका फुटला. आईजवळ पैसे नाहीत, फोन नाही, पुढची गाडी थेट संध्याकाळची, आणि दुपारी तिच्याविना लग्नाच्या वंदनेला उभं राहायचं. मेहुण्याचा हात साखळीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. “वढू का, सर? तुमी सांगा.” अख्खा डबा साडूंच्या तोंडाकडे बघत होता. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर उभा होता. इतकी माणसं, सगळी त्यांच्या एका शब्दासाठी थांबलेली. साडूंनी हुकूम सोडलाच नाही. मग ते स्वतःच बाकावर चढले आणि दोन्ही हातांनी साखळीला लोंबकळले.

जंक्शनच्या रुळांच्या जाळ्यातून गाडी अजून रांगतच होती, ती फलाटापासून थोड्याच अंतरावर थांबली. रेल्वेचा पोलीस धावत आला. “साखळी कुणी वढली?” अख्खं वऱ्हाड एका आवाजात, छाती फुगवून म्हणालं, “आमच्या सरांनी!” इतकी निखळ संघभावना मी पुन्हा कधी पाहिली नाही. साडू म्हणाले, “माझी जबाबदारी. काय लिहायचं ते आल्यावर लिहा,” आणि खाली उडी मारून खडीवरून पळत सुटले. मागं मी.

अक्का पेटीवर एक हात ठेवून शांत बसल्या होत्या. साडूंना धाप लागलेली. “अगं, गाडी सुटली, दिसलं न्हाई का तुला?”

“दिसलं की.”

“मग चढली का न्हाईस?”

“तुमीच म्हणलात, मी सांगेपर्यंत हलायचं न्हाई.”

“जल्मात माझं कधी ऐकलं न्हाईस, आन् आजच बरं सुचलं तुला!”

अक्कांनी पदर सारखा केला. “एक डाव तरी समद्यांनी तुमचं ऐकावं, म्हणून काल रातच्याला सगळ्यांच्या पुढं हात जोडले मी. म्हणलं, त्यांची लय हौस हाय, उद्या ते म्हणतील तसं करा. मंग मीच कशी मोडू? आन् मला ठावं होतं, तुमी येणार.”

साडू एकदम खाली फलाटावरच बसले. सकाळपासूनची ती रांग, ती उठून उभी राहणारी माणसं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. इंजिनानं शिट्टी दिली. अक्का म्हणाल्या, “उठा आता, पोरगी वाट बघायलीय.” साडू उठले आणि पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालू लागले.

लग्न वेळेवर लागलं. साडी नवरीला फार शोभली. पुढं साडू निवृत्त झाले, मुलगी हिंगोलीला रमली, आणि पूर्णेच्या घरात दोघंच उरली. त्या दिवसानंतर साडूंनी अक्कांना हुकूम म्हणून काही सांगितलं नाही. भाजी कुठली आणू, दार लावून घेऊ का, सगळं विचारतात. परवा मी गेलो होतो. साडू ओसरीवर पेपर वाचत बसले होते. अक्का पाण्याचा तांब्या ठेवताना माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, “भाऊजी, त्यांना म्हणावं, काई तरी सांगत जा मला. घर लय सुनं सुनं वाटायलंय.”

त्या आत गेल्यावर मी ते साडूंना सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. मग त्यांनी घसा खाकरला, चांगला मोठा श्वास घेतला, आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, “अगं, चहा टाक.” थोडं थांबून आवाज खाली आणला आणि पुढं म्हणाले, “तुझे गुडघे दुखत नसतील तर.”

मला एकदम भरून आलं. मी तांब्या तोंडाला लावला.