आईची दृष्ट

जळत्या मिरच्यांनी ठसका लागला नाही, की समजावं, दृष्ट जबर होती! बेल्ह्याच्या आमच्या घरात हा न्याय निर्विवाद होता. हेमंतातल्या सायंकाळी आई माझ्यावरून ओवाळलेली मीठमोहऱ्यांची आणि मिरच्यांची मूठ चुलीत झोकायची, निळसर धूर आढ्याला भिडायचा, आणि ती नाक उंचावून हुंगत राहायची. ठसका लागला नाहीच, तर खजील होऊन म्हणायची, "माझीच लागली आसंल. आईची दिष्ट लई वंगाळ." म्हणून मी झोपलेली असताना ती माझ्याकडे पाहतही नसे. जिथे माया सर्वांत उत्कट, तिथेच डोळ्यांना मज्जाव. केवढा विलक्षण हा दंडक!

पुढे शेजारच्या खोडदला त्या अजस्र रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या, शाळेच्या सहलीत मी त्यांच्याखाली मान अवघडेपर्यंत उभी राहिले, आणि भौतिकशास्त्राने मला पछाडलं ते कायमचंच. आमचा जुन्नर तालुका सुटला, पुणे सुटलं, आणि परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मी क्वांटम संगणकावर संशोधन करू लागले. त्याचा मूळ घटक मोठा लहरी. तो एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही. पण मोजायला जावं, तर दोहोंतलं एकच काहीतरी हाती उरतं. उष्णतेची नुसती झुळूकदेखील त्याला सोसत नाही. त्याला साऱ्या जगापासून लपवून ठेवण्यातच माझे दिवस सरत.

एकदा फोनवर हे आईला समजावून सांगितलं. ती खदखदून हसली. "म्हंजी त्याला दिष्ट लागती म्हण की! येवढं शिकून ह्येच व्हय गं? मिरच्या तरी मिळत्यात का तिकडं?"

शास्त्राच्या हिशेबी हे साफ चूक होतं. मायेने पाहिलं काय नि रागाने पाहिलं काय, त्या घटकाला त्याचं काय! पण त्या दिवसापासून मला काही सुचेना. कुणी पाहू नये म्हणून मी राबत होते, आणि जीव मात्र कुणीतरी आपल्याला डोळे भरून पाहावं म्हणून झुरत होता. मला आईची आठवण येत होती, अनावर येत होती.

अखेर एका हिवाळ्यात गावी गेले. आई भाकरी थापताना तव्याकडे पाहायची, वाढताना ताटाकडे. "लई वाळलीस," हेही ती ताटालाच म्हणाली. दिवस असेच निसटले. निघण्याच्या सकाळी एसटी समोर उभी, आणि ती खाली मान घालून माझ्या पिशवीचे बंद उगाच आवळत बसलेली. मला राहवलं नाही. तिची हनुवटी धरली आणि म्हणाले, "आई, लागू दे दिष्ट. बघ माझ्याकडं."

तिने पाहिलं. कंडक्टर ओरडत होता, तरी ती पाहतच राहिली. इतकी वर्षं मी तिकडचीही होते आणि इकडचीही. त्या नजरेत मी फक्त इकडची उरले, आणि तशीच गाडीत चढले.